कार्डाच्या मधोमध

"हे कार्ड कुणी बदललं, इंदूताई? मधोमध मेलंय पार," श्रीरंग माझ्या कानाशी पुटपुटला. "साधं एक कार्ड धड मिळत नाही या संस्थेत."

तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत दिवे मालवलेले होते. लोखंडी मेज आणि भिंत यांच्यामध्ये आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे होतो, कारण जागाच तेवढी होती. आमच्या लेझरचा किरण डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा होता. म्हणून त्याच्या वाटेत लेप दिलेलं एक छोटं कार्ड धरायचं, म्हणजे किरण पडेल तिथं नारिंगी ठिपका पेटतो. त्या कोपऱ्यात दोन आरशांच्या फटीतून वाकून एकाच डोळ्यानं बघावं लागे. श्रीरंग नेहमी उजवा लावायचा.

"बघू," मी म्हणाले, आणि त्याला बाजूला करून स्वतः वाकले. ठिपका होता तिथं होता. शेंगदाण्याएवढा, भरीव, काठापासून मध्यापर्यंत सारखा.

"कडा तेवढी दिसते," तो म्हणाला. "मधलं गेलंय."

"थांब, दुसरं देते."

कार्ड घेऊन मी कपाटापाशी गेले. खण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज होऊ दिला, कोटाच्या बाहीला कार्ड पुसलं आणि तेच परत आणून त्याच्या हातात ठेवलं.

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"हेपण तसलंच," तो म्हणाला. "एकाच खोक्यातली असणार."

"असतील," मी म्हणाले आणि मेजाची कड धरली.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा पस्तिशीची होते. माझे यजमान याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ते गेल्यावर अनुकंपा म्हणून मला नोकरी मिळाली, झाडलोट आणि चहापाण्याची. दहावी पास बाईला याहून काय देणार? पण तळघरातल्या लेझरला धूळ चालत नाही, आणि धूळ पुसायला हलका हात लागतो. आरसे पुसता पुसता मी विचारायला लागले. विचारलेलं वहीत लिहायला लागले. मुलं पदव्या घेऊन निघून जायची आणि जाताना आपल्या नोंदी माझ्याकडे टाकून जायची, मी त्या शब्दकोश घेऊन वाचायची. सहा वर्षांत अशी वेळ आली की लेझर रुसला की प्रयोगशाळेचे प्रमुख केळुसकर सर वरून फोन करून विचारायचे, "इंदूबाई, काय म्हणतोय तो?"

तो फार आखूड प्रकाश होता. लांबीनं नाही, वेळेनं. सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, असं पाच वेळा करा. अशा तीसेक तुकड्यांपुरताच तो पेटायचा आणि विझायचा. जो प्रकाश सेकंदात पृथ्वीला साडेसात फेऱ्या मारतो, तो एवढ्या वेळात केसाच्या जाडीइतकासुद्धा जात नाही. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायचं विसरले होते. सुरू करताना मात्र गंमत असायची. आधी किरण नळाच्या धारेसारखा नुसता वाहतो. मग आतल्या एका पट्टीला बोटानं टिचकी मारायची, की धार तुटून तिचे थेंब होतात. त्याला आमच्यात 'लॉक झाला' म्हणायचं. कोट्यवधींचं यंत्र, आणि सुरू व्हायचं टिचकीनं. ती टिचकी माझी चांगली बसायची.

तेवढ्यानं भागत नाही. थेंब मोठा करावा लागतो. पण आखूड थेंब तसाच मोठा केला तर आतला स्फटिकच फुटेल. म्हणून आधी त्याला ताणून लांब करायचं, लांबट असतानाच वाढवायचं, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचं. जत्रेतली माणसं दारातून एकदम घुसली तर दार मोडेल, तर रांगेनं आत सोडायची आणि आत गेल्यावर पुन्हा गोळा करायची, तसं. गोळा झाल्यावर त्या थेंबात जी ताकद असते तिचं श्रीरंगला काम होतं. तो बिस्किटाएवढ्या काचेच्या आत रेघा काढत होता. काचेच्या वरच्या अंगाला ओरखडा नाही, खालच्या अंगाला नाही, आणि आत नेमकी हवी तिथं रेघ. पुढं अशा रेघांमधून प्रकाश खेळवता येतो. चाळीस रेघा काढायच्या होत्या, सव्वीस झाल्या होत्या.

तो सोमवार होता. शुक्रवारी श्रीरंगच्या पीएच.डी.च्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ संपत होती. आठ वर्षं तो त्या तळघरात होता. शुक्रवारी प्रबंध गेला नाही तर आठ वर्षांची पाटी कोरी. प्रबंध बांधायला दोन दिवस, म्हणजे काच बुधवारपर्यंत पुरी व्हायला हवी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, इतकं की त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

दुपारी मी त्याला ओढून कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर नेलं. चहाचे दोन ग्लास मध्ये ठेवले.

"डावा डोळा मीट," मी म्हणाले.

"काय ताई, शाळेतल्या तपासणीसारखं."

"मीट म्हणते ना."

त्यानं मिटला. उजवा डोळा माझ्याकडं बघत होता. स्वच्छ, तुकतुकीत, कुठं लाली नाही की पाणी नाही. बाहेरून कुणीही म्हणालं असतं, काय सुरेख डोळा आहे.

"माझं तोंड दिसतंय?"

"कान दिसतात. तोंड नाही दिसत. बरंच आहे, चिडलेलं दिसत नाही."

मी हसले नाही. तो हसला, आणि मग त्यानं दोन्ही तळव्यांनी चहाचा ग्लास धरून ठेवला.

"कधीपासून?"

"मला वाटलं कार्डच खराब आहे."

"श्रीरंग."

"वाटून घेतलं म्हणा मग. त्या शनिवारपासून."

त्या शनिवारी, म्हणजे नऊ दिवसांपूर्वी, मीही तिथंच होते. केतकी मेजाच्या पलीकडून एक आरसा बसवत होती, श्रीरंग अलीकडं होता, गॉगल कपाळावर चढवलेला. तो त्यानं एका मिनिटासाठी चढवला होता. गॉगल लावून अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून सगळीच मुलं तसं करायची आणि मी सगळ्यांनाच रागवायची. अचानक तो सरळ झाला आणि म्हणाला, "टक्क वाजलं का काही?" आम्ही म्हटलं, नाही. "मग माझ्या डोक्यात वाजलं," असं म्हणून त्यानं गॉगल खाली ओढला आणि काम पुढं चालू झालं.

मी वाचलं होतं ते. सुरक्षेची एक जुनी पुस्तिका कपाटात होती, तिचं पान न् पान मी कोशातून शब्द काढत वाचलं होतं. काहींना आवाज ऐकू येतो, असं तिच्यात लिहिलं होतं. डोळ्याच्या आत, पडद्यावर, त्या इवल्या थेंबाचा स्फोट होतो त्याचा आवाज. पापणीचा उपयोग नसतो. पापणी मिटायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि आमचा लेझर तेवढ्यात शंभर थेंब टाकायचा. आणि पुढं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, चोवीस तासांच्या आत नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

"डॉक्टरकडं गेलास?"

"चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. त्यांच्याकडं एक माणूस बसतो तपासायला. म्हणाला, कॉम्प्युटरवर फार काम करता वाटतं. थेंब दिलेत."

"लेझर सांगितलंस?"

"नाही."

"थेंब घालतोस?"

"घालतो की. पैसे दिलेत."

मला त्याला एक लगावावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"आज मोठ्या दवाखान्यात जायचं," मी म्हणाले. "मी येते. खरं काय ते सांगायचं."

"सांगितलं की कागद होणार. कागद झाला की समिती येणार. दाराला सील लागणार, तीन महिने, सहा महिने. ताई, चौदा रेघा राहिल्यात." तो माझ्याकडं बघत नव्हता. "बुधवारी संध्याकाळी मी स्वतः जातो. शपथ. गेलेलं काही दोन दिवसांत परत येणार नाही आणि आणखी जाणारही नाही. वाचलंय मी पण."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला काय झालंय? शाबूत आहे." मग अगदी हळू म्हणाला, "शनिवारी एखादं माउंट हललं असणार. आरशाचा स्क्रू ढिला असेल."

"हं," मी म्हणाले.

माउंट, म्हणजे आरसा बसवायची बैठक, हललं नव्हतं. त्या मेजावरचा प्रत्येक स्क्रू सकाळी माझ्या हाताखालून जायचा. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्यानं ते वाक्य माझ्यापुढं ठेवलं आणि मी ते उचलून घेतलं, प्रसाद घ्यावा तसं.

मंगळवारी नऊ रेघा झाल्या. श्रीरंग आता मेजाच्या अलीकडच्या बाजूनं काम करेना. पलीकडं जाऊन मान वाकडी करून बघायचा, म्हणजे डावा डोळा फटीशी यावा. ती बाजू वाईट. तिथं खाली वाकलं की डोळा नेमका किरणाच्या पातळीला येतो. किरणाच्या पातळीला डोळा न्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्यासाठी प्रयोगशाळेत खुर्चीसुद्धा ठेवलेली नव्हती. मी दोनदा म्हटलं, "वर हो." दोनदा तो वर झाला. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही, कारण रेघ चालू होती.

केळुसकर सर दुपारी आले. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. पूर्वी ते तडक आत यायचे, आता दारातच थांबायचे.

"सगळं ठीक?"

"हो सर," श्रीरंग म्हणाला.

"हो सर," केतकी म्हणाली.

सरांनी श्रीरंगच्या कपाळावर चढलेल्या गॉगलकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं, एसीच्या जाळीकडं. "दमटपणा वाढलाय का जरा?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गेले. त्यांच्यासारखा बारीक नजरेचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शेजारच्या खोलीत एसी बंद पडला तर त्यांना इथल्या किरणावरून कळायचं. त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही, असं मला आजही म्हणता येत नाही.

सर गेल्यावर केतकी बाहेर पडली. मी मागोमाग गेले. ती बायकांच्या स्वच्छतागृहात नळ सोडून मनगटं धूत होती. ओली मनगटं, मोकळी. दोन्ही हातांवर चिकटपट्टीच्या डिंकाचा काळसर वळसा अजून राहिला होता आणि तो ती नखानं खरवडत होती.

केतकीचं लग्न होऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. श्रीरंगनंतर दोन वर्षांनी आलेली मुलगी, हुशार, भराभर बोलणारी. तिच्या सासरी हिरवा चुडा सव्वा महिना हातातून उतरवत नसत. काच आपोआप वाढली तर गोष्ट वेगळी. वाढली म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही. आणि आमच्या दाराशी एक स्टीलचा डबा होता. आत येणाऱ्या प्रत्येकानं अंगठी, घड्याळ, साखळी, बांगड्या, जे चकाकतं, किरण उलटवतं ते सगळं त्यात काढून ठेवायचं. तो डबा माझ्या ताब्यात होता. एकदा संचालकांची अंगठी निघेना, तर मी त्यांना साबण आणून दिला होता आणि अंगठी निघेपर्यंत दारात उभी राहिले होते.

"सासूबाईंना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"बसमध्ये वाढल्या म्हटलं."

"दोन्ही हातांतल्या?"

"गर्दी होती म्हटलं." तिनं नळ बंद केला. "त्या शनिवारीच रात्री काढल्या मी ताई. तेल लावून एकेक. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघत होत्या."

मी तिला टॉवेल दिला.

"ताई, त्या दिवशी घरी गेल्यावर बघितलं तर उजव्या हाताची पट्टी वर सरकली होती. दोन बांगड्या बाहेर आल्या होत्या. तुम्ही तीन पदर लावले होते, पण घाम आला ना, आणि मी बाही वर केली होती आरसा बसवताना, आणि..."

"माउंट हललं होतं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"श्रीरंगनं सांगितलंय. माउंट हललं होतं."

"त्याला दिसत नाहीये ना, ताई?"

"त्याला शुक्रवारी प्रबंध द्यायचाय."

"मी सांगू का सरांना? माझ्यामुळे..."

"केतकी, माउंट हललं होतं."

आरशात आम्ही दोघी दिसत होतो, मी मागं, ती पुढं. तिनं टॉवेलची नीट घडी घातली, चौपदरी, आणि माझ्या हातात दिली. तिला मी नको तितक्या प्रेमानं गप्प केलं होतं, आणि त्या प्रेमात माझी स्वतःची भीती किती होती ते मला चांगलं माहीत होतं. अनुकंपेच्या नोकरीतल्या बाईवर चौकशी बसली तर तिला दुसऱ्यांदा अनुकंपा कोण दाखवणार?

संध्याकाळी घरी जाऊन मी ती पुस्तिका पुन्हा वाचली. साध्या काचेवरून किती प्रकाश उलटतो, त्याचा तक्ता होता. शंभरातले चार भाग. मी हिशेब केला. आमच्या एका थेंबाचे चार भाग म्हणजे डोळ्याच्या पडद्याला जेवढं सोसतं त्याच्या कितीतरी पट होतं. मी तीनदा करून बघितला. माझं गणित चांगलं होतं, दरवेळी तेच आलं.

बुधवारी सकाळी लेझर लॉक होईना.

मी टिचकी मारली, नाही. पुन्हा मारली, क्षणभर लागला आणि सुटला. श्रीरंग पलीकडं उभा होता, त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते. केतकी मीटरवरचे आकडे वाचत होती आणि तिचा आवाज एका पट्टीत चालला होता, शाळेत कविता म्हणून दाखवताना मुलं म्हणतात तसा. दहा वाजले. अकरा वाजले. मी एकेक आरसा पुसला. काही उपयोग नाही.

"ताई, काहीतरी करा," श्रीरंग म्हणाला.

"करतेच आहे."

"पाच राहिल्यात."

"माहीत आहे."

"पाचच राहिल्यात हो."

मला त्या वेळी काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं की हा आज लागूच नये. बिघडूनच राहावा. म्हणजे कुणी काही न बोलता सगळं बंद होईल, आणि त्याला मी हाताला धरून दवाखान्यात नेईन. असं मनात ठेवून मी टिचकी मारत होते, आणि मग स्वतःचाच राग येऊन मी एक मनापासून मारली. लॉक झाला. मॉनिटरच्या पडद्यावरची अरुंद रेघ पसरून डोंगरासारखी झाली. आखूड थेंबाची तीच खूण. केतकीनं आकडा वाचला आणि तिचा आवाज फुटला.

साडेअकरापासून दोनपर्यंत दोन रेघा झाल्या. तीन राहिल्या. तीन रेघा म्हणजे चार तास. कुणी जेवलं नाही. श्रीरंगनं खिशातली बाटली काढून डोळ्यात थेंब टाकले, दोन्ही डोळ्यांत, आणि बाहीनं तोंड पुसलं.

"अडतिसावी," तो म्हणाला. "सुरू करायच्या आधी किरण काचेत कुठं पडतो तो बिंदू बघून घेतो. खाली गेल्यासारखा वाटतोय."

"कार्डावर बघ," मी म्हणाले.

"कार्डावर कळत नाहीये."

"केतकी बघेल."

"तिला नाही कळायचं ते. एक मिनिट, ताई."

त्यानं गॉगल कपाळावर चढवला. गुडघे वाकवले. मेजाच्या पलीकडून त्याचं डोकं खाली खाली येत गेलं, मान डावीकडं वळत गेली, आणि डावा डोळा, तो शाबूत डोळा, काचेच्या तुकड्याच्या पातळीला यायला लागला. बिस्किटाएवढ्या त्या काचेची कड धारदार आणि चकचकीत होती. किरण वीतभर अंतरावरून तिच्यावर पडत होता.

केतकी म्हणाली, "श्रीरंग," अगदी बारीक आवाजात, हाक मारावी की मारू नये असं.

मला माझ्या यजमानांचा तिसरा दिवस आठवला. का तो आठवला, हे मला तेव्हा कळलं नाही. आमच्या दाराच्या पायरीवर माझी नणंद बसली होती आणि माझे हात तिच्या मांडीवर होते. ती माझ्या बांगड्या पायरीवर आपटून फोडत होती, दोन-दोन करून, आणि दरवेळी 'हात सैल सोड' म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं, तिला कुणीतरी ते काम दिलं होतं. पुढं सहा वर्षांनी त्या डब्यापाशी केतकी येऊन उभी राहिली, कोपरापर्यंत हिरवीगार, आणि म्हणाली, "ताई, सासूबाईंनी सांगितलंय, सव्वा महिना काढायच्या नाहीत." तिचे दोन्ही हात माझ्यापुढं आले. 'काढ' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी मेजावरची काळी चिकटपट्टी घेतली आणि म्हणाले, "राहू दे गं. मी गुंडाळून देते."

मी भिंतीवरची किल्ली फिरवली.

लेझर एकदम बंद करायचा नसतो. पायरीपायरीनं उतरवायचा असतो, नाहीतर पुन्हा लागायला दिवस जातात. हे मीच नव्या मुलांना शिकवायची. पंप थांबला, पंखे हळूहळू थांबत गेले, पडद्यावरचा डोंगर सपाट झाला. त्या खोलीत आवाज नसला की कसं वाटतं, ते मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

श्रीरंग उठला नाही. गुडघ्यावर हात ठेवून तसाच वाकून राहिला.

"ताई," तो म्हणाला. "तीन होत्या."

"हो."

"तीन होत्या हो फक्त."

मी दिवे लावले. सगळ्यांचे डोळे दिपले. श्रीरंगनं डावा हात वर करून डोळ्यांवर सावली धरली, आणि मग काही आठवल्यासारखा तो हात काढून घेतला. केतकी भिंतीला टेकून खाली बसली, जमिनीवर, कारण खुर्ची नव्हती.

पंप थांबला की वर सरांच्या खोलीत इशाऱ्याचा दिवा लागायचा. जिन्यावर त्यांची पावलं वाजली. आमच्यापैकी कुणी हललं नाही. सर दाराशी आले, चष्मा कपाळावर, हातात कुणाचा तरी कागद.

"काय झालं? वीज गेली?"

"नाही सर," मी म्हणाले. "मी बंद केला."

"किती राहिल्यात?"

"तीन," श्रीरंग म्हणाला.

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांना राग यायला हवा होता. आला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण ते अकरा दिवस माझ्याही चेहऱ्यावर होतं. आता ही काय सांगणार, आणि न सांगितलं तर किती बरं होईल.

"सर, माउंट हललं होतं मागच्याच्या मागच्या शनिवारी," केतकी खालूनच घाईनं म्हणाली, "त्यामुळे थोडं..."

"हो सर," श्रीरंग म्हणाला. "माउंटचाच प्रॉब्लेम आहे. होईल."

"माउंटचा," सर म्हणाले. "बरं. मग ते घट्ट करून..." ते जायला वळलेसुद्धा.

मी दारात गेले आणि त्यांच्या पुढं उभी राहिले.

"माउंट हललं नव्हतं, सर. केतकीच्या हातात चुडा होता, आणि दाराशी मी होते. मी तिला तशीच आत सोडली. श्रीरंगला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."